पुस्तकातलं उत्तर वेगळं, तुमचंही बरोबर : सरळ रेषेच्या समीकरणाची रूपं समजून घेऊया

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी बातम्या पाठवून नुकताच घरी टेकलो होतो, तेवढ्यात शेजारची मुलगी वही घेऊन आली. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला आहे, सायन्सला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, गणितात मार्कही चांगले होते. मागोमाग तिचे वडील आले. वडगावात यंत्रमागावर काम करतात. म्हणाले, "दादा, हिला सायन्स सोडून कॉमर्सला जायचंय म्हणते. गणित जमत नाही म्हणे. तुम्ही कॉमर्सचे, जरा सांगा हिला काय ते."

कॉमर्सला गेलं की गणितातून सुटका होते, ही समजूत मी बारावी झालो तेव्हाही होती. असो. म्हटलं, आधी वही तर बघू.

प्रश्न असा होता : (२, ६) आणि (४, ९) या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचं समीकरण काढा. मुलीने सगळं नीट मांडून उत्तर काढलं होतं :

य = (३/२)क्ष + ३

आणि त्यावर आडवी काट मारली होती. खाली पुन्हा तेच गणित, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा काट. असं तीनदा. कारण पुस्तकाच्या शेवटी छापलेलं उत्तर होतं :

३क्ष − २य + ६ = ०

"काका, माझं येतच नाही," ती म्हणाली. चाचणी परीक्षेतही तिने हेच केलं होतं. आलेलं उत्तर "बरोबरीला शून्य" असं नव्हतं म्हणून खोडलं आणि वेळ संपेपर्यंत चूक शोधत बसली. चूक नव्हतीच. दोन्ही उत्तरं एकाच रेषेची आहेत. चार मार्क तिचे होते, ते तिनेच खोडले.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या दोन-तीन शिकवणीवाल्यांशी बोललो. त्यांचंही म्हणणं हेच, की समीकरण काढायला मुलांना येतं, पण आपलं उत्तर आणि पुस्तकातलं उत्तर एकच आहे हे ओळखता येत नाही. म्हणून हा लेख. (पुस्तकात एक्स आणि वाय ही इंग्रजी अक्षरं असतात. मी इथे जुन्या मराठी पुस्तकांप्रमाणे क्ष आणि य लिहितो आहे.)

समीकरण म्हणजे एक अट

रेषेचं समीकरण म्हणजे त्या रेषेवर कोण बसू शकतं याची अट. एखादा बिंदू घ्या, त्याचे दोन आकडे समीकरणात घाला. दोन्ही बाजू जुळल्या तर बिंदू रेषेवर, नाहीतर बाहेर.

वरच्या दोन समीकरणांत (१०, १८) घालून बघा. पहिल्यात दहाची दीडपट पंधरा, अधिक तीन, अठरा. जुळलं. दुसऱ्यात तीस वजा छत्तीस अधिक सहा, शून्य. जुळलं. आता (१०, २०) घाला. पहिल्यात अठरा यायला हवेत, आपल्याकडे वीस आहेत. दुसऱ्यात तीस वजा चाळीस अधिक सहा, म्हणजे वजा चार. दोन्हीकडून बाहेर. ज्यांना एक समीकरण आत घेतं त्यांनाच दुसरं घेतं. मग रेषा दोन कुठून आल्या?

तरी लिहिण्याच्या इतक्या तऱ्हा कशासाठी? कारण रेषेची माहिती आपल्याकडे दरवेळी वेगळ्या वाटेने येते.

छापखान्याचे दोन भाव

आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचा हिशेब बरीच वर्षं माझ्याकडे आहे. समजा, मंडळाला कार्यक्रमपत्रिका छापायच्या आहेत. छापखानावाला फोनवर सांगतो, "दोनशे घेतल्या तर नऊशे रुपये, पाचशे घेतल्या तर पंधराशे." एवढंच. एका प्रतीचा भाव तो सांगत नाही.

पण त्याने आपल्याला दोन बिंदू दिलेत : (२००, ९००) आणि (५००, १५००). क्ष म्हणजे प्रती, य म्हणजे रुपये. तीनशे प्रती वाढल्या तेव्हा सहाशे रुपये वाढले, म्हणजे एका जादा प्रतीला दोन रुपये. हा जो "एकामागे किती" आकडा, तोच रेषेचा चढ. इंग्रजीत स्लोप. (कन्नड माध्यमातल्या मित्राला विचारलं तर तो इळिजारू म्हणेल. आपण ज्याला चढ म्हणतो त्याला ते उतार म्हणतात. रेषा तीच.)

चढ आणि एक बिंदू हाताशी आला की समीकरण लगेच लिहिता येतं :

य − ९०० = २ × (क्ष − २००)

हे वाचायचं कसं? दोनशेच्या वर जितक्या प्रती, त्याच्या दुप्पट रुपये नऊशेच्या वर. बस. पुस्तकात याला बिंदू आणि चढ यांवरून काढलेलं समीकरण म्हणतात. मुलं हे सूत्र घोकतात, पण ते आपण दुकानात बोलतो त्या वाक्यासारखंच आहे. (दोन बिंदूंचं म्हणून जे वेगळं सूत्र पाठ करतात, त्यात चढ काढण्याची पायरी आतच घातलेली असते, एवढाच फरक.)

आता कंस सोडवला तर :

य = २क्ष + ५००

इथे जादू आहे. पाचशे हा आकडा छापखानावाला एका शब्दाने बोलला नव्हता. एकही प्रत छापली नाही, क्ष शून्य, तरी पाचशे रुपये आहेतच. ती प्लेट, ते सेटिंग, मशीन चालू करण्याचा खर्च. आम्ही बीकॉमला याला स्थिर खर्च म्हणायचो आणि दोन रुपयांना चल खर्च. गणितवाले पाचशेला य-अक्षावरचा आंतरछेद म्हणतात, म्हणजे रेषा उभ्या अक्षाला जिथे कापते ती जागा. पीयूसीला हेच "वाय इज इक्वल टू एमएक्स प्लस सी" म्हणून समोर येतं. एम म्हणजे चढ, सी म्हणजे हा आंतरछेद. यूट्यूबवर अमेरिकन मास्तरांचे व्हिडिओ बघणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ते सीच्या जागी बी लिहितात. त्यात वेगळं काही नाही.

हे रूप खर्चाची तुलना करायला सगळ्यात सोयीचं. दुसरा छापखाना म्हणतो, "सेटिंग-बिटिंग काही नाही, सरळ चार रुपये प्रत." त्याची रेषा य = ४क्ष. दोन्हींचा खर्च कुठे सारखा होतो? ४क्ष = २क्ष + ५००, म्हणजे क्ष = २५०. अडीचशेच्या आत दुसरा स्वस्त, अडीचशेच्या वर पहिला. चारशे पत्रिका हव्या असतील तर पहिल्याकडे तेराशे, दुसऱ्याकडे सोळाशे. मंडळाच्या बैठकीत "चार रुपये म्हणजे स्वस्तच की" म्हणणारे दरवर्षी दोघं तरी असतात.

आधी कुठला बिंदू घ्यायचा?

चढ काढताना मुलांचा हमखास प्रश्न : कुठला बिंदू पहिला? (९ − ६) भागिले (४ − २) की (६ − ९) भागिले (२ − ४)?

लोंढ्याहून गोव्याला रेल्वेने गेलेल्यांना हे समजावणं सोपं आहे. कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट. दूधसागर याच वाटेवर. इथे रुळांचा चढ ३७ला १ असा आहे. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण रेल्वेच्या दृष्टीने हा फार कडक चढ, म्हणून गाड्यांना जादा इंजिनं जोडावी लागतात.

कागदावर नकाशासारखा गोवा डावीकडे आणि कॅसलरॉक उजवीकडे काढा. गोव्याहून वर येताना आपण उजवीकडे ३७ सरकतो, वर १ चढतो. चढ १/३७. आता परत खाली जा. डावीकडे सरकलो, म्हणजे वजा ३७. खाली आलो, म्हणजे वजा १. वजा एक भागिले वजा सदतीस, पुन्हा १/३७च. आपण चढतोय की उतरतोय याने रुळांचा चढ बदलत नाही. गाडीची दिशा बदलते, रूळ तिथेच असतात. म्हणून कुठलाही बिंदू पहिला घ्या. फक्त वर जो पहिला घेतलात तोच खालीही पहिला घ्या. गफलत होते ती इथे : वर ९ − ६ आणि खाली २ − ४ असं लिहिलं की चिन्ह उलटतं आणि चढणारी रेषा उतरू लागते.

ऋण चढ केव्हा? डावीकडून उजवीकडे जाताना रेषा खाली येते तेव्हा. त्याचं उदाहरण आमच्याच विषयातलं आहे.

घसाऱ्याची रेषा

अकाउंट्समध्ये घसारा काढायची एक पद्धत आहे, तिचं नावच सरळ रेषा पद्धत. मी बीकॉमला तिच्यावर पन्नास तरी गणितं केली असतील. त्यात खरोखरच एक रेषा आहे हे मला त्या वेळी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

समजा, यंत्र साठ हजारांचं, आयुष्य दहा वर्षं, शेवटी भंगारात काही येणार नाही. दरवर्षी सहा हजार कमी. क्ष वर्षांनी वहीतली किंमत :

य = ६०००० − ६०००क्ष

चढ वजा सहा हजार. पण इथे चढ कुणी आपल्याला दिलाच नव्हता. दिलं होतं काय? सुरुवातीची किंमत साठ हजार आणि शून्य व्हायला दहा वर्षं. म्हणजे रेषा दोन्ही अक्षांना कुठे कापते ते दोन आकडे. अशा वेळी थेट असं लिहिता येतं :

क्ष/१० + य/६०००० = १

हे आंतरछेदांचं रूप. पहिल्यांदा बघताना विचित्र दिसतं, पण अर्थ सरळ आहे : आयुष्याचा जितका हिस्सा संपला आणि किमतीचा जितका हिस्सा उरला, त्या दोन हिश्श्यांची बेरीज कायम एक. चार वर्षं झाली, चार दशांश आयुष्य गेलं, मग सहा दशांश किंमत उरली, छत्तीस हजार. सूत्र न आठवताही तोंडी येतं. (भंगाराची किंमत येणार असेल तर हिशेब जरा बदलतो. मग रेषा दहाव्या वर्षी जमिनीला टेकत नाही, हवेतच थांबते.)

या रूपाची मर्यादाही बघून ठेवा. दुसऱ्या छापखान्याची य = ४क्ष ही रेषा आरंभबिंदूतूनच जाते. तिचे दोन्ही आंतरछेद शून्य, आणि शून्याने भागता येत नाही. तिला या रूपात लिहिताच येत नाही. अक्षांना समांतर असलेल्या रेषांनाही नाही.

ताप मोजण्याची दोन सूत्रं, रेषा एक

सामान्य रूपाबद्दल, म्हणजे "सगळं एका बाजूला, बरोबर शून्य", मुलांचा सगळ्यात जास्त राग असतो. ते कशासाठी, हे मला तापमानावरून नीट कळलं.

पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठतं, तेव्हा फॅरेनहाइटमध्ये ३२. उकळतं १०० सेल्सिअसला, तेव्हा २१२. दोन बिंदू आले. शंभरमागे १८०, चढ ९/५. म्हणून :

फ = (९/५)स + ३२

हे चढ आणि आंतरछेदाचं रूप. आता तापाच्या थर्मामीटरवरचा ९८.६ सेल्सिअसमध्ये करायचा तर आपण दुसरं सूत्र वापरतो :

स = (५/९) × (फ − ३२)

९८.६ मधून ३२ गेले, ६६.६ राहिले, त्याचे पाच नवमांश ३७. शाळेत ही दोन सूत्रं वेगवेगळी पाठ केली. नीट बघा, दुसरं म्हणजे बिंदू आणि चढाचंच रूप आहे, बिंदू (३२, ०). एकच नातं, एकदा सेल्सिअसकडून बघितलेलं, एकदा फॅरेनहाइटकडून. आणि दोघांपैकी कुणालाच पुढे बसवायचं नसेल तर :

९स − ५फ + १६० = ०

इथे कुणी कुणावर अवलंबून नाही. दोघं एका पंगतीत, अपूर्णांकही नाहीत. दोन्हींवर आकडा सारखा कधी येतो, हे यातून लगेच निघतं. फच्या जागी स घाला : ४स + १६० = ०, म्हणजे वजा ४०. त्या थंडीत सेल्सिअस की फॅरेनहाइट हे विचारायची गरजच नाही.

सामान्य रूपाचा आणखी एक मोठा फायदा. उभी रेषा, समजा क्ष = ३, हिच्यात आपण आडवे सरकतच नाही. चढ काढायला गेलं तर खाली शून्य येतो. विहिरीच्या भिंतीला "इतक्या मीटरला इतका चढ" कोण सांगणार? म्हणून "एमएक्स प्लस सी" मध्ये ती बसत नाही. सामान्य रूपात मात्र क्ष − ३ = ० म्हणून गुपचूप बसते. सगळ्या रेषांना सामावून घेणारं हे एकच रूप. पुस्तकं शेवटी उत्तरं छापताना बहुतेक हेच वापरतात, ते यासाठी.

आपलं उत्तर तपासायचं कसं

आता त्या वहीकडे परत येऊ. य = (३/२)क्ष + ३. दोन्ही बाजूंना दोनने गुणा : २य = ३क्ष + ६. सगळं एका बाजूला न्या : ३क्ष − २य + ६ = ०. पुस्तकातलं उत्तर आलं. दोन ओळींचं काम. आंतरछेदांच्या रूपात हीच रेषा क्ष/(−२) + य/३ = १ अशी दिसते. करून बघा.

कधी कधी सामान्य रूपातही आकडे वेगळे दिसतात. तिच्या मैत्रिणीचं उत्तर होतं −६क्ष + ४य − १२ = ०. तेही बरोबर. कसं ओळखायचं? क्षचे गुणक, यचे गुणक आणि सुटे आकडे, तिघांची गुणोत्तरं काढा. ३ ला −६, −२ ला ४, ६ ला −१२. तिन्ही वजा एक-द्वितीयांश. तिन्ही सारखी आली की रेषा एकच.

आणि ही गोष्ट मुलं दहावीला शिकलेली असतात! दोन चलांतील रेषीय समीकरणांच्या जोडीचा धडा आठवा. तिन्ही गुणोत्तरं समान असतील तर रेषा एकमेकांवर पडतात आणि उकली असंख्य. पहिली दोनच समान असतील तर रेषा समांतर, उकल नाही. तिथे हे "उकली किती" या प्रश्नासाठी शिकवतात आणि पेपर झाला की मुलं ते दहावीतच ठेवून येतात. वर्षभराने पीयूसीला भाषा बदलते, चढाचा स्लोप होतो, आणि हाताशी असलेलं हत्यार कुणाला आठवत नाही.

गुणोत्तरांची कटकट नको असेल तर आणखी सोपा उपाय : प्रश्नातले दोन्ही बिंदू आपल्या उत्तरात घालून बघा. दोन्ही बसले तर उत्तर बरोबर, कारण दोन बिंदूंतून रेषा एकच जाते. एका बिंदूवर मात्र थांबू नका, एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा जातात. ही तपासणी पुस्तक न उघडता होते, म्हणून परीक्षेतही करता येते. प्रश्नात "सामान्य रूपात लिहा" किंवा "आंतरछेदांच्या रूपात लिहा" असं स्पष्ट विचारलं असेल तर मात्र तेच रूप द्यायचं. तिथे दुसरं रूप लिहून मार्क गेले तर तक्रार करता येणार नाही. तसं विचारलं नसेल तर आलेलं उत्तर खोडायचं कारण नाही.

मुलीने तिथेच बसून वहीतली मागची अकरा गणितं तपासली. नऊ बरोबर निघाली. उरलेल्या दोनांत चढ काढताना वरचा बिंदू एक आणि खालचा दुसरा घेतला होता. वडील सगळा वेळ दाराशी उभे राहून बघत होते. कॉमर्सचं अजून नक्की नाही, म्हणाले. परवा ती पुन्हा आली होती, लंब रेषांची गणितं घेऊन. त्यातल्या दोन चढांचा गुणाकार वजा एक का येतो, ते मलाच आता वाचायचं आहे.